खरबुजाच्या सात बिया

५ फेब्रुवारी

प्रिय विहीणबाई,

पत्र बघून दचकू नका. तुमचा मुलगा आणि माझी लेक दोघंही ठणठणीत आहेत. कालच फोन झाला, कपडे कोणी वाळत घालायचे यावरून भांडण चालू होतं, म्हणजे सगळं जागच्या जागी आहे.

फोन तुम्हालाही केला असता, पण आपला फोन कसा होतो ते तुम्हाला माहीत आहे. मी म्हणते, "कशा आहात?" तुम्ही म्हणता, "बरी आहे." मी म्हणते, "बरं." तुम्ही म्हणता, "बरं." आणि मग आधी फोन कोण ठेवतंय याची दोघी वाट बघत बसतो. पोरांच्या लग्नाला दोन वर्षं झाली, तरी आपली गाडी त्या "बरं"च्या पुढे सरकलेली नाही. खरं सांगू का, लग्नात तुम्ही माझ्या केकमध्ये बोट दाबून "ओलावा जास्त आहे" म्हणालात, तेव्हापासून मी जरा बिचकूनच असते. तीन मजली केक होता हो तो! दोन दिवस उभी होते मी त्याच्यासाठी. असो.

काम असं आहे. परवा बेकरीत पिठाची मोठी कोठी हलवली. तिच्यामागे माझ्या बाबांचा पत्र्याचा डबा निघाला. आत दोन मोडके चष्मे आणि एक कागदी पुडी. पुडीवर बाबांच्या अक्षरात लिहिलंय, "खरबूज. आपलं." बस, एवढंच. आत बिया. एकोणीस आहेत, मोजल्या.

बेकरीच्या मागे छोटं अंगण आहे, तिथे भट्टीच्या उबदार भिंतीला धरून बाबा दरवर्षी हा वेल लावायचे. हिरवंगार फळ, त्यावर पांढऱ्या रेघा, आत जवळजवळ पांढरं. बाजारात तसं खरबूज मी पुन्हा कधी पाहिलं नाही. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. त्यानंतर वेल नाही, काही नाही, अंगणात रिकामे ट्रे पडलेले असतात.

तुमचं सगळं आयुष्य बीज परीक्षणाच्या प्रयोगशाळेत गेलं. तुम्ही सांगा, या बिया जिवंत आहेत की मेल्या, हे कसं ओळखायचं? आणि बी उगवायला नक्की लागतं तरी काय? मला पीठ फुगवता येतं, बी नाही.

पाव भट्टीत गेलेत तोवर लिहिलं. काढायची वेळ झाली.

तुमची विहीण


१२ फेब्रुवारी

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

आधी केकबद्दल. "ओलावा जास्त आहे" हे मी कौतुक म्हणून बोलले होते. चांगला केक ओलसर असतो, असं मी आदल्या दिवशी मुद्दाम एका पुस्तकात वाचून आले होते. तुमच्याशी बोलायला काहीतरी विषय हवा म्हणून. कौतुक करणं मला नीट जमत नाही, हे माझ्या मुलानेही मला सांगितलं आहे.

आता बिया. मेलेलं बी आणि झोपलेलं बी बाहेरून अगदी सारखं दिसतं. तेहतीस वर्षांनंतर मलाही ते नुसतं बघून सांगता येत नाही. त्याला विचारावं लागतं. विचारायचं म्हणजे पाणी, हवा आणि ऊब, तिन्ही एकदम द्यायची आणि थांबायचं.

पाणी आधी. बी कोरडं ठणठणीत असतं, ते पाणी पिऊन फुगतं, मग आतला कारखाना सुरू होतो. पण लोक इथेच चुकतात. पाण्यात बुडवून ठेवतात. बी श्वास घेतं, विहीणबाई. जागं व्हायला लागलं की भराभर घेतं. चिखलात घातलं तर ते गुदमरून कुजतं. फडकं पिळल्यावर जेवढं ओलं राहतं, तेवढंच ओलं पुरे. आणि ऊब प्रत्येकाची वेगळी. खरबुजाला पंचवीस ते तीस अंश लागतात. वीसच्या खाली ते ढिम्म हलत नाही. उजेडाची त्याला गरज नसते. काही बारीक बियांना असते, त्या मातीत खोल पुरल्या तर वर येतच नाहीत. सफरचंदाचं तर आणखी वेगळं, त्याच्या बीला दोन-तीन महिने ओल्या थंडीत काढावे लागतात. हिवाळा खरोखर होऊन गेला अशी खात्री पटल्याशिवाय ते डोकं बाहेर काढत नाही. मला ते फार शहाणं वाटतं.

तुमच्या बियांची अडचण वेगळी आहे. नऊ वर्षं, आणि तीही भट्टीशेजारी. बी थंड आणि कोरड्या जागी टिकतं. उष्णतेत ते झोपेतच आपली शिदोरी संपवतं. त्यामुळे आशा कमी ठेवा. आणि कृपा करून सगळ्या बिया एकदम पेरू नका. आधी दोन-तीनच, ओल्या कागदावर.

आज प्रयोगशाळेत चौदा नमुने होते, त्यामुळे अधिक लिहीत नाही.

तुमची विहीण


१८ फेब्रुवारी

प्रिय विहीणबाई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, एकदा आमच्या कारागीरकाकांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते बाबांच्या वेळेपासून भट्टीवर आहेत, आता पंच्याहत्तरीचे झाले. ते म्हणाले, "अगं, ही बाई बियांबद्दल नाही, यीस्टबद्दल सांगतेय." बरोबर आहे की हो! ओल, ऊब, हवा. पीठ फार सैल झालं तर बसतं, फार गरम झालं तर यीस्ट मरतं. मी चाळीस वर्षं हेच करतेय आणि मला वाटत होतं तुमचं काम काहीतरी अवघड आहे.

केकचं वाचून मी एवढ्या जोरात हसले की काउंटरवरचं गिऱ्हाईक घाबरलं. पुस्तक वाचून आलात? माझ्याशी बोलायला? अहो, मग मला काय वाटलं असेल याचा विचार करा! माझी लेक तुम्हाला "थर्मामीटर" म्हणते ते... अरे देवा. हे खोडता येत नाही, शाईचं पेन आहे. प्रेमाने म्हणते हो. शप्पथ.

तर मी असं ठरवलंय की हे काम माझ्या हातचं नाही. बिया सोबत पाठवतेय. सात आहेत. बाकीच्या कुठे गेल्या ते विचारू नका. घरी पाठवलं तर तुम्ही दिवसभर कामावर, पाकीट दारात पडून राहायचं, म्हणून थेट प्रयोगशाळेच्या पत्त्यावर धाडतेय. तिथे तुमची सगळी यंत्रं हाताशी असतील.

माझ्या बाबांच्या या शेवटच्या सात बिया आहेत, विहीणबाई. ज्या दिवशी पुडी सापडली त्या दिवशी मी कोठीमागे बसून रडले, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

तुमची,
बेकरीवाली


३ मार्च

प्रिय विहीणबाई,

मी एक नंबरची वेंधळी. बियांचं पाकीट तुम्हाला पाठवलं असं मला वाटत होतं, पण ते माझ्याकडेच राहिलं होतं. बिस्किटांच्या बरणीमागे पडलेलं. आता घरच्याच पत्त्यावर पाठवते, तेच बरं. मागचं पत्रही सोबत घातलंय.

घाई नाही. तुमच्या सवडीने बघा. सवड नसेल तर तेही सांगा, मनात काही आणणार नाही.

तुमची विहीण


८ मार्च

विहीणबाई,

पाकीट तुमच्याकडे राहिलं नव्हतं. तुम्ही बाहेरचं पाकीट बदललंत, पण आतल्या पुडीवर आमच्या आवक विभागाचा निळा शिक्का उमटला आहे, तारखेसकट. बावीस फेब्रुवारी. म्हणजे ते प्रयोगशाळेत पोचलं, आणि तिथून तुमच्याकडे परत आलं. त्यावर काय शेरा मारला असेल तेही मला माहीत आहे, कारण ते शेरे कसे लिहायचे हे आवक विभागातल्या मुलीला मीच शिकवलं. "सदर व्यक्ती सेवानिवृत्त."

तुम्हाला कळलं, आणि तुम्ही मला खोटं पाडण्याऐवजी स्वतःला वेंधळी म्हणवून घेतलंत. तुमचं पत्र हातात घेऊन मी बराच वेळ स्वयंपाकघरात उभी होते.

मी गेल्या जूनमध्ये निवृत्त झाले. कुणाला सांगितलं नाही. मुलाला सांगितलं असतं तर त्याने दुसऱ्या दिवशी गाडी आणून माझं सामान भरलं असतं. तो चांगला आहे म्हणूनच भीती. त्यांचं दोन खोल्यांचं घर, नवा संसार, कपडे वाळत घालण्यावरून मोकळेपणाने भांडणारी दोघं, आणि मधे मी, कोपऱ्यात, थर्मामीटर. (मला राग आलेला नाही. नाव चपखल आहे.)

दुसरं कारण सांगायला जास्त लाज वाटते. तेहतीस वर्षं रोज कुणीतरी मला विचारायचं, "बाई, उगवेल का?" आणि माझ्या सहीवर पोती शेतात जायची. एक जुलैला सकाळी उठले आणि मला कुणीच काही विचारणार नव्हतं. मग मी नेहमीसारखी साडेनऊला पिशवी घेऊन बाहेर पडले. तेव्हापासून रोज पडते. वाचनालयात खिडकीजवळ बसते, एक वाजता डबा खाते, साडेपाचला घरी. मुलाचा फोन आला की सांगते, आज अकरा नमुने, आज चौदा. तो म्हणतो, "आई, जरा जपून." आठ महिने मी त्याला नसलेल्या बियांचे आकडे सांगते आहे.

तुमच्या पत्राला उत्तर लिहिलं तो दिवस या आठ महिन्यांतला सगळ्यात चांगला दिवस होता.

बिया आजपासून परीक्षेला लावल्या आहेत. यंत्र नाही, आहे ते सांगते. झाकणाचा स्टीलचा डबा, त्यात ओला टीपकागद, आणि डबा पाणी तापवायच्या टाकीवर, दुमडलेल्या टॉवेलवर. तिथे अठ्ठावीस अंश असतात. खोलीचं तापमान मोजायच्या काचेच्या नळीने मोजले. म्हणजे थर्मामीटरनेच.

आता खरं सांगा. एकोणीसातून सात गेले, बारा उरतात. त्या बारांचं काय झालं?

तुमची विहीण


१२ मार्च

विहीणबाई,

भाजल्या.

सांगते. तुमचं उत्तर यायच्या आधीच माझा धीर सुटला. वाटलं, उबेने उगवतात ना, मग आपल्याकडे ऊब काय कमी आहे? ओल्या फडक्यात बारा बिया गुंडाळल्या आणि भट्टीच्या माथ्यावर ठेवल्या. संध्याकाळी कारागीरकाका म्हणाले, "कुठून तरी छान खमंग वास येतोय." विहीणबाई, तो माझ्या बाबांच्या खरबुजाचा वास होता. फडकं करपलेलं, आत बारा बिया कुरकुरीत. काकांनी एक तोंडात टाकली आणि म्हणाले, "मीठ हवं होतं." मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही स्पष्ट लिहिलं होतं, सगळ्या पेरू नका. तुम्हाला वाटेल, या बाईच्या हाती काही द्यायची सोय नाही.

आणखी एक. बाबांनी मला निक्षून सांगितलं होतं, "दरवर्षी चार तरी पेर. नाहीतर बी थकतं." मी म्हटलं, हो. पहिलं वर्ष भट्टी बदलायची होती. दुसऱ्या वर्षी लेकीची परीक्षा. मग लग्न. पुडी कुठे ठेवली तेही विसरले. नऊ वर्षं मी रोज पहाटे उठून शेकडो पाव फुगवले आणि चार बियांना पाणी घातलं नाही. हे मी माझ्या लेकीलाही बोललेले नाही.

तर आता तुमचं एक माझ्याकडे, माझं एक तुमच्याकडे. मी कुणाला सांगणार नाही. पण एक बोलू? कोपऱ्यात बसणारी बाई आणि तुम्ही यांचा काही संबंध नाही. कोपऱ्यात बसणारी बाई पाण्याच्या टाकीवर टॉवेलची घडी घालून अंश मोजत नाही.

उगवेल का, बाई?

तुमची विहीण


१९ मार्च

विहीणबाई,

"उगवेल का, बाई?" ही ओळ मी कापून आरशाला लावली आहे.

अकरा दिवस झाले. बातमी चांगली नाही, पण पुरती वाईटही नाही. ताज्या बिया चार-पाच दिवसांत फुटतात. म्हाताऱ्या बिया वेळ घेतात. तीन बिया मऊ पडल्या, बुरशी आली, त्या काढल्या. एक आतून पोकळच होती. उरल्या तीन. त्या फुगल्या आहेत, घट्ट आहेत, पण हलत नाहीत. काल त्यांच्या टोकाला नखं कापायच्या कातरीने अगदी केसाएवढी खाच दिली, पाणी आणि हवा सहज आत जावी म्हणून. प्रयोगशाळेत हजारो बिया हाताळल्या, पण तिथे चारशेंचा नमुना असतो, एखादी गेली तर टक्का हलतो. इथे एक गेली तर तुमचे बाबा जातात.

मी वाचनालयात जाणं बंद केलं आहे. डबा सोडून जाववत नाही.

तुमची विहीण


२२ मार्च, सकाळी सव्वानऊ

फुटली! फुटली हो विहीणबाई!

एक फुटली. पांढरं मूळ, तीन मिलिमीटर, खालच्या दिशेने वळलेलं. मी भिंग लावून पाहिलं, मग चष्मा पुसून पाहिलं, मग शेजारच्या बाईंना बोलावून त्यांच्याकडून खात्री करून घेतली. त्या म्हणाल्या, "एवढंच?" मी त्यांना खुर्चीवर बसवून मूळ आधी का येतं ते समजावलं. त्या आता पुन्हा लवकर येणार नाहीत.

पत्र टाकायला निघाले होते, चप्पल घालून पुन्हा आत आले, डबा उघडला. दुसरीही! साल तडकली आहे, आत पांढरं दिसतंय. तिसरी अजून गप्प आहे, तिला राहू दे.

एकोणीसातल्या दोन. टक्केवारी काढली तर साडेदहा. असा नमुना समोर आला असता तर मी "पेरणीस अयोग्य" असा शिक्का मारला असता. तेहतीस वर्षांत असे किती मारले, आज मोजवत नाही.

मी स्वयंपाकघरात एकटीने टाळ्या वाजवल्या.


२६ मार्च

विहीणबाई, विहीणबाई, विहीणबाई!

तुमचं पत्र मी काउंटरवर उभं राहून वाचलं आणि त्या वेळी दुकानात जे कोणी होते त्या सगळ्यांच्या हातात एकेक गोड बन ठेवला. एका माणसाने विचारलं, "नातू झाला का?" मी म्हटलं, "नाही, बाबा."

तो बिचारा अजून विचार करतोय.

आता पुढचं. पोस्टाने रोपं येणार नाहीत, तुम्हीच म्हणाल की त्यांची मुळं हलवायची नसतात. तेव्हा ती घेऊन तुम्ही या. दोन-चार दिवसांसाठी नाही, वेल भिंतीला लागेपर्यंत. वरची खोली रिकामी आहे, लेकीची. भट्टीच्या बरोब्बर वर असल्याने उबदार आहे, किती अंश ते तुम्ही आल्यावर मोजा. नाही म्हणू नका. सुट्टी मिळत नाही असं तर तुम्हाला म्हणताच येणार नाही!

अंगणातले ट्रे मी आजच हलवले. माती उकरून ठेवतेय. कारागीरकाकांनी दाढी केली.

तुमची विहीण


२८ एप्रिल

विहीणबाई,

सुखरूप पोचले. घर तीन आठवडे बंद होतं, तरी पिशवी उघडल्याबरोबर सगळीकडे तुमच्या बेकरीचा वास पसरला.

येतानाचा प्रवास बरा झाला. जातानाचा मात्र मी तुम्हाला पुरता सांगितलाच नव्हता. दोन कागदी पेले मांडीवर, प्रत्येकात एक रोप, आणि सहा तास बस. शेजारच्या प्रवाशाने खिडकी उघडली की मी बंद करायची, मी बंद केली की तो उघडायचा. शेवटी मी त्याला सांगितलं की ही दोन जगातली शेवटची आहेत. त्याने खिडकी लावली, आपला कोट काढून पेल्यांभोवती आडोसा केला आणि उतरेपर्यंत तसाच धरून बसला. उतरताना म्हणाला, "मोठी झाली की कळवा." पत्ता द्यायला विसरला.

आता त्या फोनबद्दल. तुम्ही भट्टीशी होतात, फोन वाजला, मी उचलला आणि तीन आठवड्यांच्या सवयीने म्हणाले, "बेकरी! बोला." पुढचं तुम्ही अर्धंच ऐकलंत, आणि मी ताटात मान घालून जेवले, तुम्हीही विचारलं नाहीत. तेव्हा सांगते.

पलीकडे माझा मुलगा होता. तो म्हणाला, "आई?" मी म्हणाले, "हो." तो म्हणाला, "तू आत्ता नमुने तपासतेयस ना?" मी म्हणाले, "नाही. गोल बन भरतेय." मग मात्र सगळं सांगितलं, जून, वाचनालय, आकडे, सगळं. मला वाटलं तो चिडेल. तो रडत होता, विहीणबाई. म्हणाला, "मी ऑफिसात सगळ्यांना सांगायचो, माझी आई या वयातही दिवसाला चौदा नमुने काढते. आणि तू एकटी वाचनालयात डबा खात होतीस." मग म्हणाला, "इकडे ये राहायला." मी ज्या वाक्याला आठ महिने घाबरत होते ते वाक्य आलं, आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "येईन की. चार दिवस. मग परत जाईन, मला कामं आहेत." आणि तो हसला! एवढंच होतं ते. एवढ्यासाठी मी आठ महिने उन्हातान्हात पिशवी वाहिली.

मग तुमच्या लेकीने फोन हिसकावून घेतला आणि विचारलं, "आई, तिकडे तुम्हाला कुणी काही टोपणनाव सांगितलं नाही ना?" मी म्हणाले, "छे."

वेलाला पाणी सकाळी, मुळाशी. पानांवर नको.

तुमची विहीण


९ जून

प्रिय विहीणबाई,

तुम्ही म्हणाला होतात की आधी नर फुलं येतील, घाबरू नका, मादी फुलं मागून येतात, तस्संच झालं. दोन आठवडे नुसतीच नर फुलं, अंगण पिवळं, काम शून्य. काका म्हणाले, "आमच्या वेळीही असंच होतं."

मग मंगळवारी पहिलं मादी फूल! देठाशी इवलंसं खरबूज, करंगळीच्या पेराएवढं. पण मधमाश्या कुठे? भट्टीच्या धुरामुळे त्या फिरकत नाहीत. तुम्ही लिहिल्याप्रमाणे सकाळी फूल उघडल्याबरोबर ब्रशने पराग लावायचा होता. घरात मऊ ब्रश एकच, बनवर दूध लावायचा. धुऊन, वाळवून घेतला. मी, साठीची बाई, अंगणात गुडघे टेकून फुलांचं लग्न लावत होते आणि काका मागून "जरा डावीकडे, जरा डावीकडे" करत होते.

तीन फुलं धरली. दोन गळाली. एक आहे, आज लिंबाएवढं झालं. मी त्याच्याखाली केकच्या डब्याचं झाकण ठेवलंय, मातीला टेकू नये म्हणून. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी गिऱ्हाइकं मागे जाऊन बघून येतात. परवा एकीने विचारलं, "याच्या बिया मिळतील का?" मी ताठ मानेने म्हटलं, "आमच्या बाईंना विचारावं लागेल."

तुम्ही कधी येताय?

तुमची विहीण


२ जुलै

विहीणबाई,

मी पंधरा-वीस दिवस तरी येऊ शकत नाही, आणि या खेपेला कारण खरं आहे. सवड नाही!

झालं असं. मी पुन्हा वाचनालयात गेले, पण आता लपायला नाही, स्टीलचा डबा घेऊन. तिसरी बी अजून गप्पच होती, तिला मी सोडलेलं नव्हतं. (आता सोडलं. तिने बरीच वाट पाहायला लावली.) ग्रंथपाल बाईंनी विचारलं, डब्यात काय आहे? मी दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्या घरून एक पाकीट घेऊन आल्या, त्यांच्या आईने जपलेल्या वालाच्या बिया. त्यांच्यामागून बस आगारातला एक चालक झेंडूच्या बिया घेऊन आला. आता दर शनिवारी खिडकीजवळच्या टेबलाशी रांग असते. लोक पुड्या आणतात, चुरगळलेली पाकिटं आणतात, एक आजोबा चष्म्याच्या घरात मिरचीच्या बिया घेऊन आले. मी प्रत्येकाला विचारते, किती वर्षं, कुठे ठेवल्या, कोणी दिल्या. शेवटचा प्रश्न परीक्षेला लागत नाही. पण विचारते.

आणि ते सगळे शेवटी एकच विचारतात. तुम्हाला माहीत आहे काय ते.

फळाच्या देठाशी बारीक चीर पडली आणि गोड वास आला की तोडा. आधी नाही. मुलगा-सून तुमच्याकडे येणार आहेत असं कळलं. तुम्ही चौघं खा. मला फक्त बिया आणि अहवाल पाठवा.

तुमची विहीण


२० जुलै

प्रिय विहीणबाई,

अहवाल पाठवत आहे. बसून वाचा.

काल सकाळी देठाशी चीर दिसली. मी, लेक, जावई आणि काका, चौघं अंगणात. फळ धुतलं, फळीवर ठेवलं. मला कापवेना. शेवटी जावयाच्या हातात सुरी दिली. आत अगदी तस्संच, जवळजवळ पांढरं. वासही तोच. पहिली फोड मला दिली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

विहीणबाई, ते फिकं होतं.

म्हणजे वाईट नव्हतं. थंड, रसरशीत, काकडीची थोरली बहीण म्हणा. पण गोड? अजिबात नाही. लेक म्हणाली, "छान आहे गं, ताजं लागतंय." जावई तुमचाच मुलगा, तो म्हणाला, "ओलावा भरपूर आहे." माझा चेहरा पडला. मी म्हटलं, "माझंच काहीतरी चुकलं. पाणी जास्त झालं, की ऊन कमी पडलं. बाबांचं खरबूज असं नव्हतं. बाबांचं खरबूज म्हणजे मध होता मध!"

काका फोड चघळत शांतपणे म्हणाले, "असंच होतं ते."

"काहीतरीच काय, काका!"

"अगं, असंच होतं. मालक ते आत कापायचे, फोडींवर पिठीसाखर भुरभुरवायचे, ती विरघळेपर्यंत थांबायचे, आणि मग तुला हाक मारायचे. दरवर्षी. मला तंबी होती, पोरीला सांगायचं नाही म्हणून."

मग मला हसू फुटलं. असं हसू, की मला खाली बसावं लागलं. बावन्न वर्षांची होईपर्यंत त्या माणसाने मला फसवलं, विहीणबाई! वाढवलेल्या वेलाचं फळ फिकं निघालं तर पोरीचा हिरमोड होईल म्हणून. आणि ती पोर स्वतः साखरेचीच कामं करणारी, तिला एकदाही कळलं नाही!

लेक आत गेली आणि पिठीसाखरेची चाळणीच घेऊन आली. आम्ही सगळ्या फोडींवर साखर भुरभुरवली, विरघळेपर्यंत थांबलो, आणि सालीपर्यंत खाल्लं. काकांच्या मिशा पांढऱ्या झाल्या, म्हणजे आणखी पांढऱ्या.

बिया धुऊन सावलीत वाळत घातल्यात, भट्टीपासून चांगल्या लांब. तीनशे बारा निघाल्या. निम्म्या तुम्हाला, तुमच्या टेबलावर ठेवा. जो मागेल त्याला द्या, पण कसं खायचं तेही सांगा. बाकीच्यांतल्या चार दरवर्षी इथे पेरीन, आणि या खेपेला नुसतं "हो" म्हणत नाहीये.

लेक विचारतेय पाकिटावर काय लिहायचं. जावई म्हणतोय, "फिकं पण आपलं" असं लिहा. काका म्हणतात, फिकं शब्द काढा, गिऱ्हाईक बिचकेल. तिघांची आत वादावादी चालली आहे आणि बन करपायला आलेत. तुम्हीच येऊन काय तो निकाल द्या.

तुमची विहीण